तिसरा टोला

तुपाईने आवाची, सभेत प्यायच्या कडवट मुळीच्या पेयाची, करवंटी रिकामी करून बाजूला सरकवली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि माताउलीहून आणलेला निरोप एकदाचा सांगून टाकला.

"म्हातारा म्हणाला, देवाने केलं ना? मग देवालाच पाठवा. म्हणावं, चटई डोक्यावर घे आणि माझ्या दारात येऊन बस. पुढचं मी बघतो."

सभाघराच्या खांबांना टेकून बसलेले अकरा मताई गप्प झाले. फागालुपे गावाचे हे कारभारी एरवी गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. गेल्या वर्षी कुणाच्या डुकराने कुणाचे तारोचे कंद उकरले यावर ते अडीच दिवस बोलले होते. पण देवाला बोलावणं येण्याचा प्रसंग पहिलाच होता, आणि अशा वेळी आधी कोणी बोलायचं याचा रिवाज अजून ठरलेला नव्हता.

"नक्की असंच म्हणाला?" मावलोलोने विचारलं. गावातल्या मताईंत सर्वांत वरची पदवी त्याची; वय सत्तर, आवाज बसका.

"शब्द हेच. मी जरा सौम्य करून सांगतोय."

"सौम्य करून?"

"मधे दोनदा थुंकला. ते गाळलं."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू पाळक एनोसाकडे वळल्या. पाळकाने सभेला बसायची पद्धत नाही. आज त्याला मुद्दाम बोलावलं होतं, कारण निरोपात ज्याचं नाव होतं त्याचं गावातलं काम तोच बघत असे. एनोसाने समोरच्या चटईचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

गोष्ट शनिवारची. संध्याकाळी साडेसहाला फागालुपेत रोजच्यासारखी सांजप्रार्थना लागली. पाळकाच्या अंगणात नीरफणसाच्या फांदीला गॅसचं एक रिकामं सिलिंडर टांगलेलं आहे. त्यावर लोखंडी कांबेचा पहिला टोला पडला की माणसं घरात जातात, दुसरा पडला की गुडघे टेकतात, आणि तिसरा पडेपर्यंत गावात माणूस, मोटार आणि डुक्कर यांनी हलायचं नसतं. माणसं आणि मोटारी हलू नयेत म्हणून रस्त्यावर काठ्या घेऊन बिनपदवीचे गडी उभे असतात. डुकरांचं अजून जमलेलं नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टोल्यामध्ये दहा मिनिटं जातात, फार तर पंधरा. शनिवारी पन्नास गेली.

त्या पन्नास मिनिटांत लाफाएलेचा ट्रक चर्चसमोर उभा होता. मागच्या फळीवर गादी टाकून त्याची बायको फुआतिनो झोपवलेली होती. दिवस भरायला महिना होता, पण कळा थांबत नव्हत्या. इस्पितळ तासाभराच्या वाटेवर. रस्त्यावर पुनी उभा होता, चाळिशी गाठूनही मताईची पदवी न मिळालेला धिप्पाड, भला माणूस. त्याने हात वर केला. लाफाएलेने स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं. पुनीने गादीकडे बघितलं, पाळकाच्या घराकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "पडेलच आता." हे तो पाच वेळा म्हणाला. प्रत्येक वेळी त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. पाळक एवढा वेळ गुडघ्यावर आहे म्हणजे काहीतरी मोठं मागणं मागत असणार, असंही त्याने मधे एकदा लाफाएलेला समजावलं.

फुआतिनो वाचली. मुलगी वाचली नाही. इस्पितळातला डॉक्टर बाहेरगावचा. तो म्हणाला, अर्धा तास आधी आला असता तर. फागालुपेत अर्धा तास म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी फुआतिनोच्या बापाने, म्हाताऱ्या सेउलीने, लेकीला इस्पितळातून थेट आपल्या गावी, माताउलीला नेलं. जावयाला गाडीत घेतलं नाही.

तिसरा टोला उशिरा का पडला हे गावात दोनच माणसांना माहीत होतं. एक एनोसा आणि दुसरी त्याची बायको सिनिवा. न्यूझीलंडमध्ये आपल्या बेटांच्या संघाचा टोंगाशी रग्बीचा सामना होता. दुसरा टोला देऊन एनोसा घरात आला, तेव्हा उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. फक्त गुण किती झाले ते बघावं म्हणून त्याने टीव्ही लावला, आवाज पूर्ण बंद करून. गुडघे टेकलेले होते, तेवढं खरं. एवढा एक डाव झाला की उठतो, असं त्याने ठरवलं, आणि मग डावामागून डाव येत गेले. दोन माणसं जखमी झाली, पंचाने दोनदा पडद्यावर बघून निर्णय दिला. शेवटची शिट्टी वाजल्यावर तो अंगणात गेला आणि सिलिंडरवर कांब मारली. हरल्याच्या रागात जरा जोरातच मारली. लगोलग चर्चसमोरून एक ट्रक भरधाव निघून गेला. कुणाला एवढी घाई आहे, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं.

रविवारी तो वेदीजवळ उभा राहिला तो सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. समोर पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या आणि विणलेले पंखे होते. पंखे थांबले. त्याने तोंड उघडलं आणि तोंडातून संदेष्ट्याचं ते वचन बाहेर पडलं, जिथे देव स्वतःच बोलतो की उजेड आणि काळोख, सुख आणि अरिष्ट, दोन्ही माझीच करणी. मग अर्धा तास एनोसा त्यावर बोलला. जे घडतं ते त्याच्याच हातून. वाईटही त्याच्याच कारखान्यातलं. आपण विचारायचं नाही. बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला, आणि तो का भरून आला याचा सगळ्यांनी चुकीचा अर्थ लावला.

खरं तर धर्मविद्यालयात त्याने याच्या नेमका उलट निबंध लिहिला होता. वाईट ही काही निर्माण केलेली वस्तूच नव्हे, असं त्यात सिद्ध केलं होतं. चटईला पडलेलं भोक काही विणणारीने विणलेलं नसतं, जिथे वीण नाही तिथे भोक आहे, तसंच देवाचं. गुण उत्तम मिळाले. फक्त म्हाताऱ्या गुरुजींनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: भोकातून जो खाली पडला त्याला हे सांगून बघ.

उपासनेनंतर दर रविवारी पाळकाकडे घराघरांतून ताटं येतात. त्या रविवारी ती नेहमीपेक्षा जड आली. नारळाच्या रसात शिजवलेली तारोची पानं आली, भाजलेलं डुकराचं पिल्लू आलं, डबाबंद मासळीचं अख्खं खोकं आलं. ताट ठेवताना मावलोलोची बायको म्हणाली, "पन्नास मिनिटं गुडघ्यावर. माझे तर पंधरातच जातात." एनोसाने जेवणाआधी आभाराची प्रार्थना केली, ती इतकी छोटी की सिनिवाने डोळे उघडून बघितलं.

प्रवचन दुपारीच माताउलीला पोचलं. तिथल्या गायकमंडळात फागालुपेहून लग्न होऊन गेलेल्या तिघी आहेत. म्हाताऱ्या सेउलीने ते ऐकून घेतलं आणि सोमवारी तुपाई समेटाचं बोलायला गेला तेव्हा त्याच्या पदरात हा निरोप घातला.

"इफोगा करावीच लागणार," मावलोलो म्हणाला. "नाही केली तर त्यांचे गडी इथे येतील. आणि ते आले तर मी त्यांना दोष देणार नाही."

इफोगा करायची यावर कुणाचा वाद नव्हता. सकाळी सकाळी दुसऱ्याच्या दारात जाऊन, डोक्यावर तलम चटई पांघरून, मान खाली घालून बसायचं. घरच्यांनी येऊन चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं. प्रश्न एवढाच होता की चटईखाली कोणी बसायचं.

पुनीला बोलावलं. तो सभाघराबाहेर गवतावर मांडी घालून बसला.

"मी हात वर केला," तो म्हणाला. "केला, नाही म्हणत नाही. पण हात वर करायला मला सभेने ठेवलंय."

"नियम सभेचा आहे, हे बरोबर," एक मताई म्हणाला. "पण नियम प्रार्थनेसाठी आहे. आमच्या चैनीसाठी नाही."

"प्रार्थना पाळकसाहेब करतात."

"आणि ती देवाची असते."

दोष असा एकेक पायरी वर चढत गेला. पाळकाच्या पायरीवर मात्र कुणी क्षणभरही रेंगाळलं नाही. आदर म्हणून तिला ओलांडून सगळे थेट वर गेले. वर देव होता, आणि रविवारपासून तो कबुलीजबाब देऊन बसलेला होता.

"इंजिन मी बंद केलं," गवताच्या कडेने आवाज आला. लाफाएले तिथे केव्हापासून बसला होता कुणास ठाऊक. "किल्ली माझ्या हातात होती. कुणी हिसकावली नव्हती. पुनी एकटा होता, मी त्याच्या अंगावर ट्रक घातला असता तर तो बाजूला झाला असता."

"मी झालो असतो रे," पुनी म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "तू घालायचास."

"मला वाटलं, पडेलच आता."

मावलोलोने घसा साफ केला.

एनोसाने बोटाला गुंडाळलेला दोरा तोडला.

"मी जातो," तो म्हणाला. "चटईखाली मी बसतो. कारण हे सगळं..."

"देवाच्या वतीने," तुपाईने वाक्य पूर्ण केलं.

तुपाई गावाचा वक्ता होता; दुसऱ्याची अडखळलेली वाक्यं पूर्ण करण्यात त्याची हयात गेली होती. सभाघरातून एक दीर्घ उसासा फिरला. एनोसाचं तोंड अजून उघडं होतं. दुरुस्ती करायला तीन-चार शब्द पुरले असते. ते जिभेवर आलेही. मग मावलोलोचे दोन्ही हात त्याच्या हातावर आले.

"पाळकाने इफोगेला बसायचं, हे माझ्या आज्यानेही ऐकलं नसेल," म्हातारा म्हणाला. "तुम्ही बसलात तर आम्ही तोंड कुठे दाखवायचं?"

"आपण मागे बसू," तुपाई म्हणाला. "त्यांनी देवाला बोलावलंय, देवाचा माणूस जातोय. याच्यापुढे सेउली काय बोलणार?"

सगळ्यांना हे पटलं. कुणाचीच चूक न होता माफी मागायची अशी सोय फागालुपेत याआधी कधी झाली नव्हती.

घरी सिनिवा कोको ढवळत होती. एनोसाने तिला सगळं सांगितलं. ती ढवळत राहिली.

"कुणाच्या वतीने म्हणालात?"

"देवाच्या."

"त्याला विचारलंत?"

एनोसाने टीव्हीकडे पाहिलं. रविवारपासून त्यावर सिनिवाने नक्षीचा रुमाल घातला होता, मयताच्या घरी आरशावर घालतात तसा.

"मी आतल्या खोलीतून दोनदा हाक मारली होती," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही बोट वर केलंत. एक मिनिट म्हणून."

"हो."

"मग मीही नाही उठले. सिलिंडर माझ्याही अंगणात आहे. कांब काही फार जड नाही." तिने कोको त्याच्यासमोर ठेवला. मग पलंगावरची गादी उचलून खालून एक चटई काढली, त्यांच्या लग्नातली, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसं लावलेली. तिने ती उजेडासमोर धरली आणि इकडून तिकडे तपासून पाहिली. "ही न्या. भोकं नाहीत हिला. बाहेरून तोंड दिसणार नाही."

"सिनिवा, मी उद्या तिथे सांगणार आहे."

"बरं."

"खरंच सांगणार आहे."

"कोको गार होतोय," ती म्हणाली.

मंगळवारी उजाडताना फागालुपेची माणसं निघाली. मताई चर्चच्या व्हॅनमध्ये बसले. व्हॅनमध्ये जागा होती, पण एनोसा लाफाएलेच्या ट्रकमध्ये मागे चढला. फळीवर आता गादी नव्हती. चुलीची लाकडं होती आणि भट्टीचे दगड होते. हवं तर आम्हाला भाजून खा, असं म्हणायला ते न्यायचे असतात. दगड बेताच्याच आकाराचे निवडलेले दिसत होते. त्याच्या शेजारी पुनी बसला. चर्चसमोरून जाताना पुनीने सवयीने मान वळवून पाळकाच्या घराकडे पाहिलं, आणि लगेच समोर बघितलं.

"पाळकसाहेब," थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून. दुसरा कुणी असता तर सगळं माझ्यावर ढकलून मोकळा झाला असता."

एनोसा एक दगड हातात घेऊन बसला होता. तो त्याने खाली ठेवला.

माताउलीत म्हाताऱ्या सेउलीचं घर समुद्राच्या अंगाला, चारी बाजूंनी उघडं. आत माणसं बसलेली दिसत होती. कुणी उठलं नाही, कुणी या म्हणालं नाही. एनोसा अंगणात मधोमध बसला, मान खाली घातली. मावलोलोने स्वतः त्याच्या डोक्यावर चटई पांघरली. मागे अकरा मताई, त्यांच्या मागे पुनी आणि लाफाएले.

चटईखाली डांबरगोळ्यांचा वास होता. विणीतून उजेड येत होता, पिठीसारखा. एनोसाने वाक्य तयार ठेवलं होतं: शनिवारी दुसऱ्या टोल्यानंतर मी. ते त्याने मनात दोनदा म्हणून पाहिलं. पण त्याच्या आधी तुपाईचं भाषण होतं.

तुपाई त्या दिवशी जितका चांगला बोलला तितका आयुष्यात कधी बोलला नसेल. चवरी खांद्यावर, काठी जमिनीत रोवलेली. दोन्ही गावांच्या पूर्वजांची नावं घेऊन झाल्यावर तो पाळकावर आला. हा माणूस पन्नास मिनिटं गुडघ्यावर होता, तो म्हणाला. याचा काही अपराध नाही. आणि ज्याचा अपराध नाही तो आज तुमच्या धुळीत बसलाय, कारण ज्याला तुम्ही बोलावलंत त्याला गुडघे नाहीत, त्याला डोकं नाही ज्यावर चटई घालावी. त्याचं ओझं याने घेतलंय. असं ओझं याआधी एकानेच घेतलं होतं.

घरातून बायकांचं रडणं ऐकू येऊ लागलं. मागे मावलोलोही हुंदका देत होता. चटईखाली एनोसाचे कान तापले, मग मान, मग पाठ. प्रत्येक वाक्यागणिक त्याचं स्वतःचं वाक्य लहान होत होतं. आता ते उच्चारलं तर तुपाई खोटा पडणार होता, मावलोलो खोटा पडणार होता, जड ताटं खोटी पडणार होती. हे सगळं आपण दुसऱ्यांसाठीच सोसतोय असं त्याला एकदा वाटलंसुद्धा, आणि ते वाटल्याचीच त्याला इतकी लाज वाटली की त्याने डोळे मिटून घेतले.

भाषण संपलं. कुणीतरी उठल्याचा आवाज झाला. म्हाताऱ्याची पावलं, ओढत चाललेली.

"मी थुंकलो होतो," सेउलीचा आवाज आला, जरा घोगरा. "मला काय माहीत, खरंच कुणी येईल."

पावलं आणखी जवळ आली. मग थांबली.

"बाबा, थांबा. मी उचलते."

"तू उठू नकोस गं. डॉक्टरने काय सांगितलंय?"

"उठले मी."

फुआतिनो यायला वेळ लागला. तिचे पाय एनोसाला चटईच्या काठाखालून दिसले, सुजलेले, अनवाणी. ती सावकाश, जमिनीला हात टेकत, त्याच्यासमोर बसली. चटईचा काठ थोडासा वर झाला. पूर्ण नाही, एक माणूस दुसऱ्या माणसाचं तोंड बघू शकेल एवढाच. ती वाकली तेव्हा चटईची कड तिच्याही डोक्यावर आली, आणि आत दोघंच राहिली.

ती रडलेली दिसत नव्हती. ती त्याच्याकडे नीट बघत होती.

"ट्रकमध्ये पडल्या पडल्या मला तुमची खिडकी दिसत होती," ती म्हणाली. आवाज बाहेर जाणार नाही इतका हलका. "दुसरं काही दिसतच नव्हतं. पडद्यावर निळा उजेड नाचत होता."

एनोसाने नजर तिच्या सुजलेल्या पायांकडे वळवली.

"तुम्ही मधे एकदा ओरडलात. मला वाटलं, माझ्यासाठी देवाशी भांडताय."

तो कोणत्या क्षणी ओरडला होता ते त्याला आठवलं. चेंडू रेषेपाशी हातातून सुटला होता.

"कोण जिंकलं?" फुआतिनोने विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. एवढ्यासाठी कोण जिंकलं, ते.

"टोंगा," तो म्हणाला. "दोन गुणांनी."

"हं."

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग तिने चटईची कड सोडून दिली. पिठीसारखा उजेड परत आला.

"काय झालं?" बाहेर सेउली विचारत होता. "उचल ना."

"बाबा, देव नाहीये खाली," फुआतिनो म्हणाली. "पाळकसाहेब एकटेच आहेत."

मग तुपाईने हळुवारपणे घसा साफ केला.

"मुलगी दुःखात आहे," तो म्हणाला. "तिचं बोलणं कुणी मनावर घेऊ नये. आम्ही बसतो. दुपारपर्यंत बसतो, उद्यापर्यंत बसतो."

मागून मताईंनी दुजोरा दिला. म्हातारा सेउलीही, लेकीला हाताला धरून उठवताना, होय होय, असं काहीसं पुटपुटला. थोडा वेळ गेला की तो स्वतःच येऊन चटई उचलणार होता. सगळ्यांना ते कळत होतं. फुआतिनो आणखी काही बोलणार नव्हती. एनोसाला तेही कळत होतं. नुसतं बसायचं होतं. पडेलच आता, पडेलच आता, करत.

त्याने दोन्ही हात वर नेले आणि चटई स्वतःच डोक्यावरून काढली.

असं करायचं नसतं. मागे मावलोलोने दचकून "पाळकसाहेब" अशी हाक मारली. चटई डोक्यावर आहे तोवर कुणी हात उगारत नाही. स्वतः काढली तर घरचे काय वाटेल ते करायला मोकळे. एनोसाने चटई मांडीवर घेतली आणि तिची घडी करू लागला. घडी नीट बसेना, कारण ती नेहमी सिनिवा करायची. शेवटी जशी झाली तशी त्याने बाजूला ठेवली. उघड्या उन्हात त्याचा चेहरा सगळ्यांना दिसत होता, चटईच्या विणीचे बारीक वळ कपाळावर उमटलेले.

तो जागच्या जागी अर्धा वळला. आधी त्याने पुनीकडे पाहिलं, मग लाफाएलेकडे, आणि मग उघड्या घराच्या कडेला येऊन टेकलेल्या फुआतिनोकडे.

"शनिवारी," तो म्हणाला, "दुसऱ्या टोल्यानंतर."

तुपाईने वाक्य पूर्ण करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

सगळं सांगायला दहा मिनिटं लागली, फार तर पंधरा. तेवढा वेळ अंगणात कुणी हललं नाही. एक डुकरीण तेवढी पिल्लं घेऊन आली, भट्टीसाठी आणलेले दगड एकेक करून हुंगले आणि सावकाश निघून गेली.